ताडोबाच्या हद्दीबाहेरचे वाघ

पळसफूल

सफारीच्या धाग्यावर परवा दोघा-तिघांनी लिहिलं की ताडोबात आता वाघ फार झालेत, थोडे दुसरीकडे हलवले पाहिजेत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं. आमच्याकडे वाघ बघायला जिप्सी लागत नाही. धानाच्या बांधीत पाणी धरायला गेलेल्या माणसाला धुऱ्यावर वाघाचे ताजे पगमार्क (पंजांचे ठसे) दिसतात आणि तो गावात येऊन सांगतो की आज तळ्याच्या पाळीकडे जाऊ नका. हे जंगल ताडोबाच्या कोअरमध्ये (आतल्या राखीव गाभ्यात) येत नाही, बफरमध्येही (भोवतीच्या पट्ट्यात) येत नाही. ब्रह्मपुरी वन विभागाचं साधं प्रादेशिक जंगल आहे ते. मध्ये मध्ये गावं, शेतं, मामा (माजी मालगुजारी) तलाव. तरी तिथे वाघिणी पिल्लं वाढवतात, आणि तीही वर्षानुवर्षं.

देशात २००६ च्या गणनेत १,४११ वाघ निघाले होते. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ आला. महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ होते, चार वर्षांत ४४४ झाले. सरिस्कातले वाघ संपले, मग पन्नातले संपले, असे दिवस पाहिलेल्या देशात ही फार मोठी कमाई आहे. वनरक्षकांनी, वनमजुरांनी, कोअरमधून उठून गेलेल्या गावांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या आहेत. पण ताडोबाचा गाभा तेव्हाही ६२५ चौरस किलोमीटर होता, आजही तेवढाच आहे.

बछडे दीड-दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होतात. मादी बऱ्याचदा शेजारीच जागा शोधते. नराला मात्र मोठा नर टिकू देत नाही, त्याला निघावंच लागतं. तो जातो कुठे? उत्तरेला नागभीड, घोडाझरी करत उमरेड-कऱ्हांडल्याकडे. पूर्वेला सिंदेवाही, ब्रह्मपुरी. पुढे नवेगाव-नागझिरा. दक्षिणेला कन्हाळगाव, राजुरा आणि तिथून तेलंगणात कवाल व्याघ्र प्रकल्पाकडे. या वाटा नकाशावर हिरव्या दिसतात. प्रत्यक्षात त्या वाटेवर गोसीखुर्दचा काँक्रिटचा कालवा आहे, बल्लारशा-गोंदिया रेल्वे आहे (२०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले), वाढत चाललेले रस्ते आहेत आणि शेताशेतांत सोडलेल्या विजेच्या तारा आहेत.

'वाघ फार झाले' हे वाक्य म्हणूनच मला खुपतं. वाघाला जायला वाट राहिली नाही, असं म्हणा. अभयारण्याच्या बाहेरचं जंगल कोणी 'वाघाचं जंगल' म्हणून मोजत नाही. त्यातलं काही वन विकास महामंडळाकडे आहे, तिथे मिश्र जंगल तोडून सागवान लावलं गेलं. काही झुडपी जंगल आहे, पूर्व विदर्भातलं सुमारे ८६ हजार हेक्टर. ते वनच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात स्पष्ट केलं, तोवर त्याच्याकडे पडीक जमीन म्हणूनच बघितलं जायचं. तरुण वाघ दिवसा याच झुडपांत बसतो आणि रात्री पुढे सरकतो.

आणि याच जंगलात आमच्या बायका मोहफुलं वेचतात, तेंदूपत्ता तोडतात, सरपण आणतात. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जाणाऱ्यांचा आकडा दोन आकडी असतो. वाघ टिकवायचा तर हे बाहेरचं जंगल आणि त्यात राबणारी माणसं, दोन्ही सांभाळावी लागतील. एकाला सोडून दुसरं होणार नाही.

सह्यकडा

मुद्देसूद लिहिलंयत. तो प्रतिसाद माझाही होता, म्हणून विचारतो. आमच्याकडे कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, १,१६५ चौरस किलोमीटर. इतकं जंगल, पण वाघ क्वचित एखादा, तोही कर्नाटकातून वाट काढत आलेला. तिकडे गर्दी आणि इकडे रिकामं, तर आणायला काय हरकत आहे?

पळसफूल

@सह्यकडा, सह्याद्रीत वाघ यावेत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे आधी सागरेश्वरहून चितळ नेऊन सोडली, खाद्य वाढवलं, मग ताडोबाच्या वाघिणीला नेलं, हा क्रम बरोबरच आहे. पण त्याने ब्रह्मपुरीचा प्रश्न सुटेल असं समजू नका. एक वाघ उचलला की त्याची जागा रिकामी होते आणि काही आठवड्यांत दुसरा तरुण वाघ ती धरतो. तो नवा असतो, त्याला गावाची, गुरांच्या वेळांची सवय नसते.

२०१७ मधली ब्रह्मपुरीची वाघीण आठवते का? पकडली, रेडिओ कॉलर लावली, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात सोडली. ती तिथे थांबली नाही. शेकडो किलोमीटर भटकली, वाटेत तिच्या हल्ल्यात माणसं गेली, गोळी घालण्याचा आदेश निघाला, कोर्टकचेरी झाली. शेवटी वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या कुंपणातल्या विजेने मेली. तिच्या बाबतीत जागा बदलली, प्रश्न बदलला नाही.

गावची_शाळा

मी सिंदेवाही तालुक्यात शिक्षिका आहे. मोहाचं आणि तेंदूचं बाहेरच्यांना नीट माहीत नसतं, म्हणून लिहिते.

मोहफूल रात्री गळतं. उशीर केला तर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात, म्हणून बायका तांबडं फुटायच्या आधी टोपली घेऊन निघतात. मार्च-एप्रिलचे दिवस. झाडाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो, त्यात फिकट पिवळं फूल दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी पाचोळा पेटवून जमीन साफ करतात. मग ओणवं होऊन किंवा बसून, बोटांनी एकेक फूल उचलायचं. दोन-तीन तास मान वर होत नाही. माणूस उभा असला की वाघ सहसा टाळतो, वाट सोडून जातो. ओणवी बाई त्याला चार पायांच्या जनावरासारखी दिसते. वाघही त्याच वेळी रात्रीची शिकार संपवून पाण्याकडे किंवा सावलीकडे निघालेला असतो.

तेंदूचंही तसंच. मे महिन्यात पंधरा-वीस दिवसांचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पैसे पुड्याच्या हिशोबात. जो लवकर आत जाईल त्याला चांगलं पान मिळतं, म्हणून माणसं पांगतात, एकटी पडतात. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात तेंदूला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. शाळेला सुट्टी होती. ती सुट्टी संपल्यावर वर्गात काय बोलायचं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

'जंगलात जाऊ नका' म्हणणं सोपं आहे. मोह आणि तेंदू मिळून वर्षातली मोठी रोख कमाई इथेच होते. त्यावर मुलांच्या वह्या येतात, बियाणं येतं. म्हणून मोहाखाली जाळी बांधण्याचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. फूल जाळीत पडतं, उन्हं आल्यावर चौघीजणी जाऊन गोळा करायचं. ओणवं व्हावं लागत नाही, पाचोळा पेटवावा लागत नाही, आणि फूल स्वच्छ म्हणून भावही बरा मिळतो. आमच्याकडचे बहुतेक वणवे मोह आणि तेंदूच्याच दिवसांत लागतात. एका जाळीने माणूसही वाचतो आणि जंगलही. ती प्रत्येक घरात का पोचत नाही, यावर बोलूया.

रानवाटा

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून सुन्न झालो. जाळ्यांसाठी इथल्या सभासदांनी मिळून काही करता येईल का? ग्रामसभेमार्फत झालं तर उत्तम. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पूल_आणि_रस्ते

रस्त्यांबद्दल लिहितो, माझं काम त्यातलंच आहे.

नागपूर-शिवनी महामार्ग, जुना सात नंबर आणि आताचा ४४, पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचा ठरला तेव्हा वर्षानुवर्षं न्यायालयात भांडण चाललं. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आणि खालून जंगल सलग ठेवलं. काही पूल ५० मीटरचे, सर्वांत लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे ट्रॅप कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. चितळ, रानडुक्कर, नीलगाय, रानकुत्रे, आणि वाघसुद्धा. काही वाघ तर पुन्हा पुन्हा.

हे का चाललं ते समजून घ्या. पूल लांब आणि उंच होते, खाली प्रकाश होता, पलीकडचं जंगल अलीकडून दिसत होतं. शिवाय बाजूने आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंती होत्या. आपल्याकडे अनेक ठिकाणी 'वन्यप्राणी मार्ग' म्हणून जो पाण्याचा पाइप किंवा अरुंद मोरी दाखवतात, तिच्यातून मुंगूस जाईल, सांबर जाणार नाही. सांबर गेलं नाही तर वाघ तरी कशाला जाईल?

कालव्याचं दुखणं वेगळं आहे. रस्ता रात्री दोन वाजता थोडा शांत होतो, कालवा कधीच मोकळा होत नाही. काँक्रिटचे गुळगुळीत उतार, आत पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. उपाय माहीत आहेत. जंगलाच्या पट्ट्यात कालवा जमिनीखालून न्यायचा किंवा त्यावर रुंद स्लॅब टाकून माती भरायची, आणि ठरावीक अंतरावर खडबडीत रॅम्प द्यायचे. आराखड्यातच धरलं तर खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो. बांधून झाल्यावर करायला गेलं की निविदेपासून सगळं नव्याने.

पळसफूल

@पूल_आणि_रस्ते, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. खरंच लिहा.

कापूसवाला

सगळं वाचलं. आता माझं ऐका. मी शेतकरी, जंगलाला लागून शेत. वाघाने माझं काही बिघडवलेलं नाही. माझं कंबरडं मोडलं ते रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी). एका रात्रीत अर्धा एकर हरभरा. मचाणावर थंडीत जागून काढलेल्या रात्री तुम्ही मोजणार आहात का? भरपाईचा अर्ज केला तर मिळणाऱ्या रकमेत फेऱ्यांचं भाडं निघत नाही. मग कोणी तारेत करंट सोडतो. मी सोडत नाही, पण जो सोडतो तो वाघाचा वैरी नसतो. तो डुकरासाठी सोडतो आणि त्यात वाघ येतो. शहरातले लोक त्याला शिकारी म्हणतात तेव्हा संताप होतो.

आणि माणूस गेला की २५ लाख मिळतात, हे लोक फार सहज बोलतात. पैसे द्यायलाच हवेत. पण घरातली कर्ती बाई गेल्यावर त्या पैशांचं काय होतं, एकदा येऊन बघा.

तारतंत्री

@कापूसवाला, तुमचा राग रास्त आहे. मी वायरमन होतो, आता निवृत्त आहे. विजेपुरतं सांगतो, कारण यात लोकांचेही जीव गेले आहेत.

लाइनवर आकडा टाकून तारेत थेट २३० व्होल्ट सोडला की करंट अखंड वाहतो. जनावराचे स्नायू आखडतात, ते तारेला चिकटून राहतं आणि मरतं. शेजारचा शेतकरी, पहाटे परसाकडे निघालेलं पोर, कोणीही. काही जण तर ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवरून घेतात, तिथे बोलायलाच नको. सौर कुंपणाची झटका मशीन अगदी निराळी. व्होल्टेज हजारांत असतं, पण सेकंदाला साधारण एकच ठोका, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही टिकत नाही. चटका बसतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. डुकराला तो धडा चांगला लक्षात राहतो.

श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बफरच्या आणि अभयारण्यालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान आहे. दोन गोष्टी मात्र पाळा. एकट्याच्या शेताला घेऊ नका, डुकरं शेजाऱ्याकडे वळतात आणि गावात भांडणं लागतात. सलग पट्टा करा. आणि तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापा. ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत जातो आणि लोक म्हणतात मशीन बोगस आहे.

'जय' या नावाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेने गेला. जय नागझिऱ्याहून चालत उमरेडला आला होता. तो नाहीसा झाला, वर्षभरात मुलगा तारेवर गेला. एवढा देखणा वंश.

बार्शीचा_बाळू

आमच्याकडे वाघ असतो हेच आम्हाला नवीन. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरचा. मधे मराठवाडा पडला आहे, सगळी उघडी शेतं! आणि आमचं अभयारण्य अवघं २२ चौरस किलोमीटरचं. बार्शी तालुक्यातही गुरं मारली, लोक घाबरले. पकडायला पथकं आली, महिनोन्महिने त्याने हुलकावणी दिली.

आधी मलाही वाटलं, न्या बाबा याला. नंतर कुठेतरी वाचलं की २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक कॉलर लावलेला नर तेलंगणाला वळसा घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता, पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर. वाटेत किती गावांशेजारून गेला असेल, आणि लोकांना कळलंही नाही. तेव्हापासून मी आमच्या माळरानांकडे वेगळ्या नजरेने बघतो. ओढ्याकाठची झाडी तोडू नका म्हणून गावात भांडतो. वाघ राहो न राहो, त्या झाडीत लांडगे आणि तरस तर आहेतच.

सत्तरीकार

गोव्यातून लिहितोय. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावलीला, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली. गुरं मारली गेली आणि त्या रागातून मेलेल्या जनावरात विष घातलं, असं तपासात पुढे आलं. त्या काळात गोव्यात पुष्कळ लोक म्हणत होते की इथे वाघ नाहीतच, कर्नाटकातून फिरायला येतात. पिल्लांसकट वाघीण फिरायला येते का? २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

@सह्यकडा, तुमच्या सह्याद्रीचा वाघ शेवटी तिलारी, म्हादई आणि कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प या पट्ट्यावरच तगणार आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचं जंगल रबरासाठी आणि खाणींसाठी तुटत राहिलं तर चांदोलीतले वाघ एका बेटावर अडकल्यासारखे राहतील. ताडोबाहून आणलेल्या वाघिणीच्या नातवंडांना कुठे जायचं, ते आज ठरतंय.

सह्यकडा

@सत्तरीकार, हे मनावर घेतलं. तिलारीच्या बाजूचे मित्र आहेत, त्यांना हा धागा पाठवतो.

रानवाटा

पर्यटनावर कोणीच बोललं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती योग्यच. पण मागच्या सीटवरून 'अजून पुढे घ्या' म्हणणारा आपल्यातलाच असतो. मी स्वतः फोटो काढतो. यापुढे गाडीत बसतानाच गाइडला सांगणार की वाघाची वाट अडवून मिळालेला फोटो मला नको.

गावची_शाळा

चांगल्या उदाहरणाशिवाय हा धागा संपू नये, म्हणून पाचगावबद्दल. आमच्याच जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला साधारण हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू ते स्वतः तोडतात, स्वतः विकतात, मजुरीचा हिशोब सगळ्यांसमोर होतो. काही भाग देवराई म्हणून राखून ठेवला, तिथे तोड नाही. आणि तेंदूपत्ता तोडणं त्यांनी आपणहून बंद केलं! पैसा येत असताना. कारण तेंदूसाठी झुडपं छाटली जातात, आग लावली जाते आणि पाखरांना खायला फळ उरत नाही. बांबूने पोट भरतंय तर हे कशाला, असं ग्रामसभेने ठरवलं.

मी मुलांना हे सांगते तेव्हा ती विचारतात, आपल्या गावाला असा हक्क का नाही. ते उत्तर शोधायला आम्ही गावातल्या वनहक्क समितीची जुनी कागदपत्रं काढली आहेत.

नवा_सभासद

फक्त यासाठी खातं काढलं. मामाची गाय काल रात्री नागभीडजवळ मारली गेली. ते म्हणतात ओढून गावाबाहेर टाकून देतो, वास सुटेल. काय करावं?

तारतंत्री

अजिबात हलवू नका! जागेवरच राहू द्या. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वन परिक्षेत्र कार्यालयात कळवा, शक्य तर लेखी. वनरक्षक, सरपंच किंवा पोलीस पाटील आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांच्या समोर पंचनामा होतो. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातलं जे कमी असेल ते मिळतं. नरडीवरच्या सुळ्यांच्या खुणांचे आणि आजूबाजूच्या पगमार्कचे फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूने खायला सुरुवात असेल तर बहुधा वाघ, पोटाकडून असेल तर बिबट.

वाघ आज संध्याकाळी पुन्हा त्या गाईवर येईल. गाय तिथे नसली तर दुसरं जनावर मारेल, म्हणजे मामांचंच आणखी नुकसान. संध्याकाळी चारनंतर तिकडे कोणी फिरकू नये, पोरांना मोबाइल घेऊन बघायला जाऊ देऊ नका. बाकीची गुरं गोठ्यात घ्या. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री दहापर्यंत बघतो.

नवा_सभासद

गाय जागेवरच ठेवली आहे. वनरक्षक निघालेत. आभारी आहे.